क्रेडिट स्विसच्या कर्जामागची थकहमी : मार्च २०२३ मधील स्वित्झर्लंडचे प्रकरण

स्वित्झर्लंडच्या संघीय मंत्रिमंडळाने १६ मार्च २०२३ रोजी एक तातडीचा आदेश काढला. देशाच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे स्विस नॅशनल बँकेने, मोठ्या बँकेला नेहमीच्या तारणाशिवाय कर्ज द्यावे आणि ते बुडाल्यास तोटा सरकारी तिजोरीने सोसावा, अशी सोय या आदेशाने प्रथमच झाली. आदेशामागे संसदेचा कायदा नव्हता. परराष्ट्र संबंध आणि देशाची सुरक्षितता यांसाठी राज्यघटनेच्या १८४ आणि १८५ या कलमांनी मंत्रिमंडळाला दिलेल्या असाधारण अधिकारांवर तो उभा होता. हा आदेश ज्या क्रेडिट स्विस बँकेसाठी निघाला, तिच्या ठेवीदारांना त्याची माहिती १९ मार्चच्या रविवारी संध्याकाळी मिळाली. तोपर्यंत बँक विकली गेली होती.

या प्रकरणाचे पुष्कळ पैलू आहेत. बँकेच्या संचालकांचा गाफीलपणा, नियामकाची नरमाई आणि तिला विकत घेणाऱ्या यूबीएस या दुसऱ्या मोठ्या स्विस बँकेला मिळालेला स्वस्त सौदा यांवर बरेच लिहिले गेले आहे. येथे एकाच प्रश्नाकडे पाहायचे आहे : अडचणीतल्या बँकेला मध्यवर्ती बँक जे आपत्कालीन कर्ज देते, त्यामागे सरकारची हमी का लागते, आणि ती हमी आधीपासून तयार नसेल तर काय होते?

मध्यवर्ती बँकेला हमीची गरज

मध्यवर्ती बँक नोटा छापू शकते, मग तिला कोणाच्या हमीची काय गरज, असे सहज वाटते. मात्र तिच्या कर्जाला कायद्याने आणि परंपरेने एक अट असते. बँक मुळात सुस्थितीत असली पाहिजे आणि तिने पुरेसे तारण दिले पाहिजे. स्विस नॅशनल बँकेच्या कायद्यातील नवव्या कलमातही पुरेशा तारणाची अट स्पष्ट लिहिलेली आहे. तारण असेपर्यंत कर्जाची जोखीम अल्प राहते. तारण संपल्यावर दिलेला प्रत्येक फ्रँक म्हणजे ती बँक तगेल यावर लावलेला डाव असतो, आणि हा डाव हरल्यास तोटा मध्यवर्ती बँकेच्या भांडवलातून जातो. स्वित्झर्लंडमध्ये मध्यवर्ती बँकेच्या नफ्याचा वाटा संघराज्याला आणि प्रांतांना, म्हणजे कँटनांना, मिळतो. त्यामुळे असा तोटा शेवटी सरकारी अंदाजपत्रकांपर्यंत पोहोचतोच, फक्त कोणालाही न विचारता आणि उशिरा. नॅशनल बँकेला २०२२ या वर्षात परकीय गुंतवणुकींचे मूल्य घसरल्याने सुमारे १३२ अब्ज फ्रँकचा तोटा झाला होता आणि त्या वर्षासाठी कँटनांना काहीही मिळाले नव्हते. एका खासगी बँकेवर आणखी अब्जावधींची जोखीम स्वतःच्या बळावर घेण्याची तिची तयारी नसणे स्वाभाविक होते.

म्हणून सरकारची थकहमी लागते. कर्ज मध्यवर्ती बँक देते, पण ते बुडाल्यास भार कोणावर हे निवडून आलेले सरकार ठरवते आणि त्याचे उत्तर संसदेला देते. सहकारी साखर कारखान्यांच्या कर्जांना राज्य शासनाने दिलेल्या थकहमीचे राजकारण महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. हमी देताना खजिन्यातून एक रुपयाही बाहेर पडत नाही, म्हणून ती द्यायला सोपी असते आणि म्हणूनच तिच्यावर सही होण्याआधी प्रश्न विचारले जाणे महत्त्वाचे असते.

बँक इथवर कशी आली

क्रेडिट स्विसची स्थापना १८५६ मध्ये आल्फ्रेड एशर यांनी रेल्वेमार्गांना भांडवल पुरवण्यासाठी केली. दीडशे वर्षांहून अधिक काळ ती देशाच्या औद्योगिक वाढीची आधारभूत संस्था मानली गेली. तिच्या शेवटच्या वर्षांत मात्र एकामागून एक धक्के बसले. मार्च २०२१ मध्ये ग्रीनसिल या वित्तसंस्थेशी जोडलेले सुमारे १० अब्ज डॉलरचे गुंतवणूक निधी गोठवावे लागले. त्याच महिन्यात आर्केगोस हा अमेरिकी गुंतवणूक उद्योग कोसळला आणि बँकेला साडेपाच अब्ज डॉलरच्या आसपास तोटा झाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये समाजमाध्यमांवर बँकेविषयी अफवा पसरल्या आणि श्रीमंत ग्राहकांनी पैसे काढायला सुरुवात केली. त्या वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत ११० अब्ज फ्रँकहून अधिक रक्कम बँकेतून बाहेर गेली. वर्षाचा निव्वळ तोटा ७.३ अब्ज फ्रँक होता. वर्षअखेरीस ४ अब्ज फ्रँकचे नवे भांडवल उभारले गेले आणि त्यात सौदी नॅशनल बँक सर्वांत मोठी भागधारक झाली.

शरद ऋतूतील त्या गळतीने दोन परिणाम मागे ठेवले. चटकन विकता येणाऱ्या रोख्यांचा साठा बराच आटला, आणि आपली बँक एका आठवड्यात रिकामी होऊ शकते याची जाणीव ग्राहकांना झाली. नियमांनी ठरवलेले रोखतेचे, म्हणजे हाताशी असलेल्या रोकडीचे आणि चटकन विकता येणाऱ्या मालमत्तेचे, प्रमाण मार्च २०२३ मध्येही कागदावर पूर्ण होत होते, पण त्याचा उपयोग थोडा होता. रोखतेचा एक भाग परदेशातील उपकंपन्यांमध्ये होता आणि तेथील नियामक तो झुरिककडे वळवू देण्यास राजी नव्हते. दुसरा भाग रोजच्या देवाणघेवाणीसाठी राखून ठेवणे भाग होते, कारण व्यवहारांत समोरच्या बाजूला असलेल्या घाबरलेल्या बँका व्यवहार पुरा होण्याआधीच पैसे मागू लागल्या होत्या.

पाच दिवस, चार थर

अमेरिकेत सिलिकॉन व्हॅली बँक १० मार्च २०२३ ला बुडाली. आर्थिक अहवालाच्या आंतरिक नियंत्रणांत गंभीर त्रुटी असल्याची कबुली क्रेडिट स्विसने १४ मार्चच्या वार्षिक अहवालात दिली. १५ मार्चला सौदी नॅशनल बँकेच्या अध्यक्षांना आणखी भांडवल घालणार का असे विचारण्यात आले, तेव्हा त्यांनी ठाम नकार दिला. त्या दिवशी समभाग एका क्षणी सुमारे ३० टक्के कोसळला होता. संध्याकाळी नॅशनल बँक आणि फिन्मा ही नियामक संस्था यांनी संयुक्त निवेदन काढले. क्रेडिट स्विस भांडवल आणि रोखतेचे निकष पूर्ण करते आणि गरज पडल्यास तिला रोकड पुरवली जाईल, असे त्यात म्हटले होते. दुसऱ्या दिवशी बँकेने ५० अब्ज फ्रँकपर्यंत कर्ज घेणार असल्याचे जाहीर केले.

हा पहिला टप्पा नेहमीच्या चौकटीतला होता. त्यात ३८ अब्ज आपत्कालीन साहाय्य म्हणून आणि १० अब्ज अल्पमुदतीच्या सोयीतून, असे ४८ अब्ज फ्रँक तारणावर दिले गेले. आपत्कालीन साहाय्याचे तारण प्रामुख्याने स्वित्झर्लंडमधील गृहकर्जे होती.

येथे क्षणभर थांबून तारणाची घडण पाहण्यासारखी आहे. गृहकर्ज तारण ठेवायचे म्हणजे मालमत्तेवरील गहाणखत मध्यवर्ती बँकेकडे हस्तांतरित होण्याजोगे असले पाहिजे, त्याची फाइल तपासलेली असली पाहिजे, मालमत्तेचे मूल्यांकन झालेले असले पाहिजे आणि मूल्यातून किती कपात करायची हे आधी ठरलेले असले पाहिजे. हे काम महिनोन्‌महिने चालते. क्रेडिट स्विसने ते एका मर्यादेपर्यंतच केले होते. ताळेबंदात कर्जांचा मोठा साठा असूनही त्याचा बराच भाग या कामी आला नाही, कारण ती कर्जे धनाढ्य ग्राहकांना त्यांच्या रोख्यांवर किंवा जहाजांवर दिलेली होती, अनेक देशांच्या कायद्यांखाली येत होती, आणि हस्तांतराची कागदपत्रे तयार नव्हती. २०२२ च्या अखेरीस बँकेचा ताळेबंद ५३१ अब्ज फ्रँकचा होता. तरीही ऐन वेळी मध्यवर्ती बँकेसमोर ठेवता येईल असे तारण त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढेही निघाले नाही. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत कमी चर्चिलेली आणि सर्वांत महत्त्वाची बाब हीच आहे. तारणाची तयारी झालेली असती, तर सरकारी हमीची गरज बरीच कमी राहिली असती. नॅशनल बँकेनेही पुढे आपल्या वित्तीय स्थैर्य अहवालात अशी किमान तयारी बंधनकारक करावी असे सुचवले.

तारण संपले तेव्हा १६ मार्चचा आदेश पुढे आला. त्याने दोन नवे थर जोडले. एका थरात तारणाशिवायचे अतिरिक्त कर्ज होते, पण दिवाळखोरीत नॅशनल बँकेचा हक्क सामान्य धनकोंच्या आधी येईल अशी तरतूद त्यासोबत होती. यातून बँकेने ५० अब्ज फ्रँक उचलले. दुसऱ्या थरातील कर्जाला हाच अग्रहक्क होताच, शिवाय त्यामागे संघराज्याची १०० अब्ज फ्रँकपर्यंतची थकहमी होती. यातून सर्वाधिक ७० अब्ज वापरले गेले. सगळे थर मिळून नॅशनल बँकेचे येणे एका वेळी १६८ अब्ज फ्रँकपर्यंत पोहोचले.

हमीने काय साधले आणि काय साधले नाही

सरकारी हमीचा पहिला हेतू घबराट थांबवण्याचा असतो. बँकेमागे सरकार उभे आहे हे कळले की ठेवीदार पैसे काढण्याची घाई करत नाही, आणि मग हमीचा पैसा लागण्याची वेळ येत नाही. स्वित्झर्लंडच्या या हमीला हा परिणाम साधता आला नाही, कारण ज्या दिवसांत तो साधायला हवा होता त्या दिवसांत ती गुप्त होती. १६ आणि १७ मार्चला ठेवीदारांना फक्त ५० अब्जांचा आकडा माहीत होता. रोज मोठ्या रकमा बाहेर जात असताना हा आकडा धीर देण्याऐवजी संकट केवढे आहे हेच सांगत होता.

गुप्तता राखण्यामागे कारण होते, हे मान्य करायला हवे. आठवड्याच्या मधोमध, कायदा नसताना, विक्रीच्या वाटाघाटी चालू असताना सरकारने हमी जाहीर केली असती, तर गळती आणखी वाढण्याची भीती होती. ब्रिटनमध्ये २००८ साली बँक ऑफ इंग्लंडने एचबीओएस आणि आरबीएस या दोन बँकांना दिलेले गुप्त आपत्कालीन कर्ज एका वेळी ६१.६ अब्ज पौंडांवर गेले होते, आणि ते लोकांना नोव्हेंबर २००९ मध्ये कळले. संकट भडकल्यावर गुप्ततेखेरीज पर्याय उरत नाही. प्रश्न त्याआधीच्या काळाचा आहे. स्विस मंत्रिमंडळाने अशा हमीचा आराखडा ११ मार्च २०२२ रोजी, म्हणजे सुमारे एक वर्ष आधी, जाहीर केला होता. प्रथम बँकेची स्वतःची रोखता, मग नॅशनल बँकेचे तारणावरील कर्ज आणि शेवटी सरकारी हमीचे कर्ज, असा तीन पायऱ्यांचा क्रम त्यात मांडला होता. विधेयक मात्र निवांतपणे तयार होत राहिले. ऑक्टोबर २०२२ मधील गळतीनंतरही कायद्याची गती वाढली नाही. ही दिरंगाई मला अक्षम्य वाटते, कारण धोका तेव्हा दिसलेला होता. हमीचा कायदा आधीच मंजूर झालेला, अटींसह सर्वांना ठाऊक असलेला असता, तर १५ मार्चच्या संयुक्त निवेदनात त्याचा साधा उल्लेख पुरला असता, आणि त्या उल्लेखात आश्वासनापेक्षा अधिक काही असते.

याच आराखड्यात आणखी एक कलाटणी दडलेली आहे. अशा हमीची कल्पना आंतरराष्ट्रीय स्तरावर बँकेच्या पुनर्रचनेसाठी मांडली गेली होती. शुक्रवारी बँक नियामकाच्या ताब्यात जाते, शनिवार-रविवारी भागधारक आणि विशिष्ट रोखेधारक तोटा सोसतात, त्यांच्या पैशातून भांडवल नव्याने उभे राहते, आणि सोमवारी बँक उघडताना लोकांचा विश्वास परतेपर्यंत हमीचे कर्ज तिला रोकड पुरवते. फिन्माकडे अशी पुनर्रचना योजना तयार होती आणि तिच्यात सुमारे ७३ अब्ज फ्रँकचा तोटा सोसू शकणारी रोखेधारकांची साधने होती. मंत्रिमंडळाने आणि नॅशनल बँकेने ती वाट टाळून यूबीएसकडे विक्रीची वाट निवडली. त्यामुळे पुनर्रचनेनंतरसाठी आखलेली हमी पुनर्रचना टाळण्यासाठी खर्ची पडली. तिचे काम बँकेला तारण्याचे राहिले नाही, विक्री पूर्ण होईपर्यंत तिला जिवंत ठेवण्याचे झाले. विक्रीची किंमत ३ अब्ज फ्रँक ठरली, भागधारकांचे मतदान झाले नाही, आणि काही विशिष्ट मालमत्तांवरील पहिले ५ अब्जांचे नुकसान यूबीएसने सोसल्यानंतर पुढच्या ९ अब्जांची वेगळी हमी सरकारने यूबीएसला दिली.

संसद आणि न्यायालय

दोन्ही हमी मिळून १०९ अब्ज फ्रँकची बांधिलकी होती. तिला मंजुरी दिली ती संसदेच्या दोन्ही सभागृहांतील मिळून सहा सदस्यांच्या वित्त समितीने. तातडीच्या वेळी ही समिती संसदेच्या वतीने होकार देऊ शकते आणि तिचा होकार सरकारला बांधून घालतो. एप्रिलमध्ये खास अधिवेशन बोलावण्यात आले. कँटनांच्या सभागृहाने बांधिलकीला संमती दिली, तर राष्ट्रीय परिषदेने, म्हणजे जनतेच्या थेट प्रतिनिधींच्या सभागृहाने, ती ११ आणि १२ एप्रिलला दोनदा फेटाळली. उजव्या आणि डाव्या बाजूचे पक्ष वेगवेगळ्या कारणांनी विरोधात एकवटले होते. या नकाराला कायदेशीर परिणाम काहीच नव्हता, कारण पैसा आधीच बांधला गेला होता. तरीही त्याला केवळ प्रतीकात्मक म्हणून सोडून देणे मला पटत नाही. देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या मानाने एवढी मोठी हमी देण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्या सभागृहाने दप्तरी नोंदवला.

हमीचा सर्वांत अनपेक्षित आघात रोखेधारकांवर झाला. क्रेडिट स्विसचे सुमारे १६ अब्ज फ्रँकचे अतिरिक्त श्रेणी-१ भांडवली रोखे, म्हणजे बँक संकटात आल्यास रद्द होऊ शकणारे रोखे, फिन्माने शून्यावर आणले. तिचा आधार असा होता की, असाधारण सरकारी मदत मिळाल्यास हे रोखे रद्द होतील अशी अट त्यांच्या करारातच आहे, आणि संघराज्याची थकहमी ही अशीच मदत आहे. १९ मार्चला आदेशात केलेल्या दुरुस्तीनेही फिन्माला हा अधिकार दिला. भागधारकांना यूबीएसचे थोडे समभाग मिळाले आणि त्यांच्याआधी ज्यांचा हक्क मानला जातो त्या रोखेधारकांना काहीच मिळाले नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वित्झर्लंडच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने हा निर्णय पुरेशा कायदेशीर आधाराविना घेतल्याचे ठरवले आणि फिन्माने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपील केले. रोकड पुरवण्यासाठी दिलेली हमी भांडवलातील कोणाचा हक्क संपवते, हे हमीच्या मजकुरात आधीच स्पष्ट लिहिलेले असते, तर हा वाद एवढा पेटला नसता.

मुंबईतील वाचकाला हे ओळखीचे वाटेल. येस बँकेवर ५ मार्च २०२० रोजी निर्बंध आले, ठेवीदारांना ५० हजार रुपयांपर्यंतच पैसे काढता येत होते, आणि रिझर्व्ह बँकेने पुढे ५० हजार कोटी रुपयांची विशेष तरलता सुविधा दिली, जी त्याच वर्षी सप्टेंबरात पूर्ण परत केली गेली. त्या बँकेचे ८,४१५ कोटी रुपयांचे अशाच श्रेणीचे रोखे प्रशासकाने रद्द केले होते. मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय जानेवारी २०२३ मध्ये, म्हणजे क्रेडिट स्विसच्या अखेरच्या आठवड्याच्या दोनच महिने आधी, रद्दबातल ठरवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. आपत्कालीन कर्ज आणि तोट्याची वाटणी एकाच आठवड्यात, घाईत ठरवली की न्यायालयाची पायरी चढावी लागते, हे दोन्ही देशांत दिसले.

हिशेब आणि पुढची तरतूद

हमीचे कर्ज मे २०२३ च्या अखेरीपर्यंत पूर्ण फेडले गेले. यूबीएसने ११ ऑगस्टला ९ अब्जांची आणि १०० अब्जांची दोन्ही हमी स्वतःहून सोडून दिल्या, आणि ५० अब्जांचे अतिरिक्त कर्जही तोवर परत झाले होते. सरकारला एक फ्रँकही द्यावा लागला नाही. उलट हमीच्या शुल्कापोटी सुमारे २० कोटी फ्रँक तिजोरीत आले. मंत्रिमंडळाच्या समर्थकांनी हा आकडा यशाचा पुरावा म्हणून मांडला. मला तो पुरावा वाटत नाही. थकहमीची किंमत तिच्यापोटी पैसे द्यावे लागले की नाही यावरून ठरत नाही. ती देताना बुडण्याची शक्यता किती होती आणि त्या शक्यतेचे शुल्क किती घेतले, यावरून ठरते. मार्चच्या त्या आठवड्यात ही शक्यता कोणालाही नीट मोजता आली नव्हती. खुद्द हमीच्या सावलीत झालेल्या खरेदीमुळे यूबीएसच्या ताळेबंदात त्या वर्षीच्या दुसऱ्या तिमाहीत सुमारे २९ अब्ज डॉलरचा नफा दिसला, त्यातला मोठा भाग केवळ खरेदीची किंमत पुस्तकी मूल्याहून फार कमी असल्याचा होता. त्याच्या शेजारी २० कोटी फ्रँक ठेवून पाहिले म्हणजे शुल्क किती तोकडे होते हे दिसते.

सप्टेंबर २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने ही हमी कायम कायद्यात आणण्याचे विधेयक संसदेकडे पाठवले. त्यातील एक तरतूद मला सर्वांत महत्त्वाची वाटते : देशासाठी महत्त्वाच्या ठरवलेल्या मोठ्या बँकांनी, हमी वापरली जावो वा न जावो, दरवर्षी आगाऊ शुल्क भरावे. सरकार आपल्यामागे उभे राहील हे बाजाराने गृहीत धरल्याने या बँकांना स्वस्तात पैसा मिळतो. त्या सवलतीचा काही भाग शुल्काच्या रूपाने परत येणे न्याय्य आहे. संसदेच्या चौकशी समितीने डिसेंबर २०२४ मधील अहवालात क्रेडिट स्विसच्या संचालकांना मुख्य दोषी ठरवले, तशीच हमीचा कायदा वेळेत न आल्याबद्दल अधिकाऱ्यांवरही टीका केली. क्रेडिट स्विसचा धंदा सामावून घेतलेल्या यूबीएसचा ताळेबंद स्वित्झर्लंडच्या वार्षिक उत्पन्नाहून मोठा आहे. तिला कधी अशी रोकड लागली, तर २०२३ मधल्यासारखी १०० अब्जांची हमी पुरेल का, आणि त्या रकमेसाठी किती गृहकर्जांची गहाणखते हस्तांतराला तयार आहेत, या दोन प्रश्नांची उत्तरे संसदेने विधेयकावर मत देण्याआधी मागितली पाहिजेत.